मानेतली नस, किती टक्के, आणि तो काळा डाग

मानेचा डॉपलर (नसेतलं वाहतं रक्त बघायची सोनोग्राफी) झाला, मानेवर फिरवतात त्या प्रोबवरचं जेल अजून पुसायचंय, पेशंट टेबलवरून उठलापण नाही आणि प्रश्न तयार असतो, "मॅडम, किती टक्के?" ब्लॉकेज म्हटलं की टक्के, हे अँजिओग्राफीमुळे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मॉर्निंग वॉकला भेटलेले काका लोकपण एकमेकांना "माझे सत्तर, तुमचे किती?" असं दहावीच्या मार्कांसारखं विचारतात. टक्के महत्त्वाचे नाहीत असं अजिबात नाही, पण मानेच्या नसेत टक्के म्हणजे अर्धीच गोष्ट. ४० टक्केवाल्याच्या हातातून एका सकाळी चहाचा कप सुटतो आणि तोंड वाकडं होतं, आणि ८० टक्केवाला वर्षानुवर्षं शेतावर जाऊन येतो, असं होतं, मी बघितलंय. फरक कशात असतो तर आत साचलेला माल कसला आहे त्यात. आणि तो माल कसला आहे ह्याचा बराचसा अंदाज साध्या सोनोग्राफीत येतो, फक्त बघणाऱ्याने तो मुद्दाम बघायला पाहिजे आणि रिपोर्टमध्ये लिहायला पाहिजे.

आधी नस कुठली ते सांगते. कंठमण्याच्या बाजूला दोन बोटं ठेवली की जी नाडी लागते ती कॅरोटिड. एक डावीकडे, एक उजवीकडे. नाव ग्रीक आहे आणि ज्या शब्दावरून आलं त्याचा अर्थ गुंगी येणं, कारण दोन्हीकडून दाबली की माणसाला भोवळ येते हे त्या लोकांना तेव्हापासून माहीत होतं (घरी करून बघू नका, प्लीज). ही नस वर जाताना जबड्याच्या थोडं खाली तिला फाटा फुटतो, एक फांदी चेहऱ्याकडे आणि एक सरळ मेंदूकडे. आणि घाण साचते ती बहुतेक वेळा ह्याच फाट्यापाशी. ओढ्याला जिथे फाटा फुटतो तिथे कडेचं पाणी रेंगाळतं, भोवरे घेतं आणि गाळ तिथेच बसतो, अगदी तसंच. इतर ठिकाणी रक्त सरळ सुसाट जातं म्हणून भिंत स्वच्छ राहते, इथे बाहेरच्या भिंतीला ते रेंगाळतं.

पण गाळ म्हटलं की लोकांना वाटतं बेसिनच्या पाइपात आतून मळ चिकटतो तसं काहीतरी असेल, मग "ते विरघळवायचं औषध द्या ना" असं म्हणतात. तसं नसतं ते. हा गाळ, म्हणजे प्लाक, भिंतीच्या वर चिकटत नाही, भिंतीच्या पोटात वाढतो. अस्तराच्या खाली चरबी जमते, ती खायला आलेल्या पेशी तिथेच मरतात, त्याचा पिठल्यासारखा लगदा होतो, आणि त्यावर शरीर एक झाकण घालतं, दोरखंडासारख्या चिवट तंतूंचं. आता दोन प्रकार डोळ्यासमोर आणा. एक म्हणजे तळहाताचा जुना घट्टा, कडक, कोरडा, वर्षानुवर्षं तसाच. दुसरं म्हणजे पिकलेलं गळू, आत पू आणि वर तणाणलेली पातळ कातडी, कधी फुटेल नेम नाही. स्थिर प्लाक घट्ट्यासारखा असतो, अस्थिर प्लाक गळवासारखा. आकार दोन्हीचा सारखा असू शकतो, दोघांनी वाट सारखीच अडवलेली असू शकते. वर आणखी एक भानगड अशी की ह्या लगद्यात नाजूक नव्या केशवाहिन्या उगवतात आणि त्या आतल्या आत फुटून रक्त साचतं, मग तो फुगतो आणि झाकणावर आतून दाब येतो.

झाकण फाटलं की आतला माल वाहत्या रक्ताला लागतो, रक्त लगेच तिथे गोठतं, आणि त्या गुठळीचा तुकडा सुटून वर मेंदूत जाऊन अडकतो. मानेच्या नसेमुळे होणारा लकवा बहुतेक वेळा असा होतो, नस बारीक झाली म्हणून रक्त कमी पडलं असं कमी वेळा. कारण मेंदूला रक्त चार नळांनी येतं, दोन पुढून दोन मागून, आणि ते खाली एका रिंगणात एकमेकांना जोडलेले असतात. एक हळूहळू बंद झाला तर बाकीचे सांभाळून घेतात, म्हणूनच एका बाजूची नस पूर्ण बंद आणि माणसाला पत्ताच नाही असे पेशंट सापडतात.

लकव्याच्या मोठ्या झटक्याआधी कधीकधी छोटी घंटा वाजते. पाच-दहा मिनिटं एक हात लुळा पडतो, शब्द फुटत नाही, किंवा एका डोळ्यावर वरून पडदा ओढल्यासारखा अंधार येतो, आणि मग आपोआप सगळं नॉर्मल. आपल्याकडे अशा वेळी काय होतं? "पित्त झालं असेल", "उन्हातून आलात ना, बीपी लो झाला असेल" म्हणून लिंबू सरबत देतात आणि झोपवतात. ते आपोआप बरं झालं हेच तर भीतीदायक आहे, तुकडा छोटा होता म्हणून विरघळला, पुढचा मोठा असू शकतो आणि पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. त्याच दिवशी दवाखान्यात जा, सोमवारची वाट बघू नका. आणि डावी नस बिघडली तर उजवा हात जातो, पण डोळा मात्र त्याच बाजूचा, डावा. हे उलटसुलट ऐकून नातेवाईक गोंधळतात म्हणून सांगितलं.

आता तपासणी. दारावर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी असते, ते यंत्र पोटाचं असो की मानेचं. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानबंदीचा हा कायदा १९८८ साली देशात सगळ्यात आधी केला, मग १९९४ ला केंद्राचा आला. त्या पाटीमुळे सत्तरीतले आजोबा "इथे माझं काय काम" म्हणून दारातच थबकतात, असं माझ्या समोर दोनदा झालंय. आत आलात की उताणं झोपवतात, खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी, मान विरुद्ध बाजूला वळवायची, गार जेल लावायचं, इंजेक्शन नाही, रेडिएशन नाही, वीस-तीस मिनिटं.

प्रोबमधून निघणारा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, सेकंदाला सत्तर लाख ते एक कोटी वीस लाख कंपनं, आणि शरीरात तो सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. जितकी कंपनं जास्त तितकं चित्र बारीक, पण तितका तो खोल जात नाही. ही नस कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर असते म्हणून इथे आपल्याला बारीक चित्र परवडतं, हृदयाच्या नसांचं असं बाहेरून दिसत नाही. आवाज कडक गोष्टीला आपटून जोरात परत येतो, मऊ गोष्टीतून कमी परत येतो. मशीन जोरात आलेला प्रतिध्वनी पांढरा दाखवतं, हळू आलेला काळा. म्हणून कॅल्शियम पांढराशुभ्र आणि त्याच्या मागे सावली, चिवट तंतू राखाडी, आणि चरबी, ताजं साचलेलं रक्त काळपट. वाहतं रक्तपण काळंच.

इथेच खरी गोम आहे. सगळ्यात घाबरण्यासारखा प्लाक काळा, आणि ज्या रक्तात तो उभा आहे तेही काळं. काळ्या मांजराला अंधाऱ्या खोलीत शोधायचं. पांढरा दगडासारखा प्लाक कुणालाही दिसतो, नवशिक्यालापण, आणि तोच बिचारा त्यातल्या त्यात शांत असतो.

मागच्या वर्षीचंच सांगते, एक काका आले, साठीचे, शेती आणि जोडीला किराणा दुकान, शुगर आहे, विडी चालू. दोन आठवड्यांपूर्वी दुकानात सुट्टे पैसे मोजताना उजव्या हाताची बोटं दहा मिनिटं ऐकेनात, नाणी गळून पडली, मग बरं वाटलं म्हणून गप्प बसले, शेवटी काकूंनी ओढून आणलं. डावी नस लावली, साध्या काळ्यापांढऱ्या चित्रात फाटा स्वच्छ, वाटलं काहीच नाही. मग कलर चालू केला, त्यात वाहतं रक्त रंगीत दिसतं. रक्ताचा लाल पट्टा खालून सरळ आला आणि फाट्यापाशी कशालातरी वळसा घालून पुढे गेला, जणू रस्त्यात म्हैस बसलीये आणि गाड्या कडेने चालल्यात, फक्त म्हैस दिसत नाहीये. गेन, म्हणजे चित्राचा उजेड, थोडा वाढवला, प्रोब कलता केला, तेव्हा कुठे त्या काळ्या जागेच्या कडेला केसासारखी एक बारीक राखाडी रेघ दिसली. ते झाकण. कलर न लावता घाईत सोडलं असतं तर "नॉर्मल" रिपोर्ट गेला असता.

टक्के काढतात कसे हेपण बघा, कारण बहुतेकांना वाटतं आम्ही पट्टी लावून मोजतो. पाण्याच्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की धार जोरात जाते, तेच तत्त्व. अरुंद जागी रक्त किती वेगाने जातंय ते मोजायचं आणि त्यावरून नस किती अरुंद असेल त्याचा अंदाज करायचा. वेग कळतो डॉपलरने, ख्रिश्चन डॉपलरने १८४२ साली प्रागमध्ये मांडलेली गोष्ट, आपली एसटी भोंगा वाजवत येते तेव्हा आवाज चढा आणि पुढे निघून गेली की जाडा होतो तसं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००२ साली सॅन फ्रान्सिस्कोला बसून आकडे ठरवले, ठोक्याच्या वेळचा वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत असेल तर ५० टक्क्यांच्या आत, १२५ ते २३० मध्ये ५० ते ६९, आणि २३० च्या वर गेला तर ७० किंवा जास्त. आता हे मोजताना आवाजाची रेघ आणि रक्ताची दिशा ह्यांच्यातला कोन ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो, तिथे पाच अंशांची चूक झाली तरी वेग पंधरा-वीस टक्क्यांनी चुकतो. म्हणजे तुम्ही फ्रेम करून ठेवलेले ते "६५ टक्के" बरेच हलते असतात. त्यात मोजायच्या पद्धतीपण दोन, अमेरिकन आणि युरोपियन, एकाच नसेला एकीकडे ५० तर दुसरीकडे जवळपास ७० म्हणतील. दोन लॅबचे रिपोर्ट घेऊन भांडायला येणाऱ्यांनी हे आधी बघावं.

मग टक्क्यांचं एवढं माहात्म्य आलं कुठून? १९९१ साली नॅसेट नावाचा मोठा अभ्यास आला, ज्यांना आधी छोटा झटका येऊन गेलाय आणि नस ७० टक्क्यांच्या वर बंद आहे अशांना ऑपरेशन करून प्लाक काढला तर दोन वर्षांत त्या बाजूचा झटका २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर येतो असं दिसलं. फार मोठा फरक. तेव्हा हातात अँजिओग्राफी होती आणि तिच्यात फक्त आतली वाट दिसते, भिंतीत काय शिजतंय ते दिसतच नाही. जे दिसत होतं त्यावर नियम झाला, आणि ते बरोबरच होतं. पण ज्यांना काहीच त्रास झालेला नाही, नुसता रिपोर्टमध्ये ब्लॉकेज सापडलाय, त्यांच्यापैकी बहुतेकांना औषधांवर काही होत नाही आणि थोड्यांना होतं. ते थोडे कोण हे टक्क्यांवरून नीट कळत नाही. तिथे प्लाकचा रंग उपयोगी पडतो.

१९८८ साली ग्रे-वील नावाचे संशोधक आणि मंडळींनी नुसत्या नजरेने प्लाकचे चार प्रकार पाडले, पूर्ण काळा, बराच काळा, बराच पांढरा, पूर्ण पांढरा, आणि नंतर पाचवा, ज्यात कॅल्शियमच्या सावलीमुळे काही कळतच नाही. चांगलं होतं पण नजरेचं काम, माझ्या "बराच काळा"त आणि शेजारच्या डॉक्टरच्या "बराच काळा"त फरक पडणारच. शिवाय मशीनवर गेन म्हणून एक बटण असतं, जुन्या टीव्हीच्या ब्राइटनेससारखं, ते फिरवलं की काळ्याचा राखाडी करायला एक सेकंद लागतो. म्हणून मग कॉम्प्युटरने मोजायचं ठरलं. चित्राचा प्रत्येक ठिपका ० ते २५५ मध्ये असतो, ० म्हणजे ठार काळा. सोन्याचं वजन करताना आधी काटा शून्यावर आणतात ना, तसं वाहत्या रक्ताला ० धरायचं, नसेच्या बाहेरच्या आवरणाला १९० धरायचं, सगळं चित्र त्या मापात बसवायचं आणि मग प्लाकच्या ठिपक्यांचा मधला आकडा काढायचा. ह्याला ग्रे स्केल मीडियन म्हणतात, जीएसएम. आकडा जितका खाली तितका प्लाक मऊ. २००४ साली आलेल्या इकॅरॉस अभ्यासात स्टेंट टाकताना झटका येण्याचं प्रमाण जीएसएम २५ किंवा खाली असलेल्यांत ७.१ टक्के आणि वर असलेल्यांत १.५ टक्के निघालं. तार घुसवताना गळूच फुटतं, दुसरं काय.

पण अशा एकाच आकड्याचा एक घोटाळा असतो, अर्धा प्लाक दगड आणि अर्धा लगदा असला तरी मधला आकडा छान येतो. म्हणून पुढे निकोलायडिस ह्या संशोधकाच्या टीमने वेगळंच बघितलं, की काळा भाग नेमका कुठे आहे. रक्ताला लागून असलेला, वर झाकणाची रेघही न दिसणारा काळा डाग. ११२१ लोक, कुणालाच त्या बाजूचा त्रास नाही, नस ५० टक्क्यांच्या वर अरुंद, काही वर्षं पाठपुरावा. तो डाग ४ चौरस मिलिमीटरच्या आत असेल तर वर्षाला झटका ०.४ टक्के लोकांना, १० च्या वर असेल तर ५ टक्क्यांना. मला ह्या सगळ्या आकड्यांत हाच जास्त पटतो, कारण धोका लगदा असण्यात कमी आणि लगदा रक्ताला टेकलेला असण्यात जास्त आहे, आणि हा आकडा नेमकं तेच मोजतो.

ह्याच्या पुढच्या तपासण्या आहेत, मोठ्या सेंटरला होतात. एकात शिरेतून गॅसचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात, लाल पेशीपेक्षा लहान, ते प्लाकमध्ये शिरताना दिसले तर आत नव्या केशवाहिन्या उगवल्यात असं समजायचं. गॅस नंतर फुप्फुसातून बाहेर पडतो, किडनीवर भार नाही. दुसऱ्यात कानशिलावर प्रोब बांधून तासभर मेंदूची नस ऐकत बसायचं, एखादा कण गेला की टिवटिव असा आवाज होतो. हे मला कायम भारी वाटतं, झटका यायच्या आधी त्याचे कण जाताना ऐकू येणं. २०१० च्या एसेस अभ्यासात ४६७ लोकांची अशी तपासणी केली, सगळ्यांची नस ७० टक्क्यांच्या वर बंद पण त्रास नाही. ज्यांच्यात टिवटिव ऐकू आली त्यांना वर्षाला ३.६ टक्के आणि बाकीच्यांना ०.७ टक्के त्या बाजूचा झटका. टक्केवारी सगळ्यांची सारखीच घाबरवणारी होती बघा.

सोनोग्राफी सगळं सांगते असं मी म्हणत नाहीये. कॅल्शियमच्या सावलीमागे काय आहे ते देवाला माहीत. झाकणावरची जखम दिसते म्हणून लिहितात पण ती बऱ्याचदा चुकते. आखूड जाड मान असेल, फाटा जबड्याच्या मागे उंच असेल तर हात टेकावे लागतात. आतलं रक्त आणि चरबी दोन्ही काळी, त्यांना वेगळं करायला एमआरआयच लागतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे हाताचं काम आहे, घाईच्या ओपीडीत दहा मिनिटांत उरकलेला डॉपलर आणि निवांत केलेला डॉपलर ह्यांचं बिल सारखंच येतं.

आणि ते फुल बॉडी चेकअप पॅकेजमध्ये घातलेलं कॅरोटिड डॉपलर, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, काही त्रास नसलेल्या सगळ्यांनी ते करू नये. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनेपण २०१४ ला आणि पुन्हा २०२१ ला नको म्हणूनच सांगितलंय, कारण सापडतं थोडं, चुकीची भीती जास्त, आणि त्यातून नको ती ऑपरेशन्स. छोटा झटका येऊन गेला असेल, किंवा तुमच्या डॉक्टरांनी काही बघून सांगितलं असेल, तर जरूर करा. आणि रिपोर्ट हातात आला की टक्क्यांच्या शेजारी प्लाक कसा आहे ते लिहिलंय का बघा. हायपोइकोइक म्हणजे काळा, हायपरइकोइक म्हणजे पांढरा, हेटरोजिनिअस म्हणजे खिचडी. काहीच लिहिलं नसेल तर विचारा, राग आला तर येऊ दे.

त्या काकांचं पुढे काय झालं ते राहिलंच. वेगावरून नस ५० च्या खालीच बसत होती म्हणून ऑपरेशनचा प्रश्न नव्हता. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं की टक्के कमी आहेत पण प्लाक वाईट आहे, हलक्यात घेऊ नका. मोठ्या डोसची स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), रक्त पातळ करायची गोळी, बीपी-शुगर टाइट, विडी बंद (काकू म्हणतात बंद, काका म्हणतात कमी). वर्षाने परत आले. मी जुनी चित्रं काढली, मशीनचं सेटिंग मुद्दाम मागच्यासारखंच लावलं, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. वेग जवळपास तोच, टक्के तेच. पण तो काळा भाग आता राखाडी झाला होता, आणि वरची केसासारखी रेघ जाड, सलग. स्टॅटिनने बऱ्याच जणांत असं होतं, लगद्यातली चरबी कमी होते आणि तंतू वाढतात, वाट मोठी होतेच असं नाही.

"मॅडम, किती टक्के?" काकांनी टॉवेलने मान पुसत विचारलं. मी म्हटलं, तेवढेच. चेहरा पडला त्यांचा, "म्हणजे वर्षभर गोळ्या फुकटच खाल्ल्या की ओ." मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दोन्ही चित्रं शेजारी लावली. ते चष्मा शोधत होते तेवढ्यात काकू मागून पुढे आल्या, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, हितं मागच्या टायमाला भोक होतं, आता बुजलंय बघा."